ऑइल बदलाची नोंद: किलोमीटर नव्हे, इंजिनाचे तास

गाडी १.२ पेट्रोल. वापर बेळगाव शहरातच: कॅम्प, टिळकवाडी, शहापूर, फार तर उद्यमबाग. मॅन्युअल सांगतं १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. तरी या खेपेला ऑइल ५,००० लाच काढलं. शहरात सरासरी वेग ताशी २० किमी धरला तर १०,००० किमीसाठी इंजिन ५०० तास चालतं. तेवढंच अंतर निपाणीच्या हायवेला ताशी ६० च्या सरासरीने गेलं तर १६७ तासांत संपतं. ओडोमीटरला दोन्ही सारखंच, ऑइल मात्र शहरात तिप्पट वेळ राबतं. मॅन्युअलच्या मागच्या पानांत खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो, तो सहसा कोणी उघडत नाही.

तीन-चार किमीच्या फेरीत कूलंटचा काटा मध्यावर येतो, पण ऑइल ८०-९० अंशांपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे त्यात उतरलेलं पाणी आणि कच्चं पेट्रोल उडून जात नाही. पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय दिसते ती यामुळेच. खानापूर-जांबोटीच्या बाजूला तर हमखास. लगेच हेड गॅस्केट (इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील) गेलं असं समजू नका. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायची पट्टी) ऑइल नीट असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर ती नुसती वाफ. गाडी अर्धा-पाऊण तास सलग पळवली की बरीचशी जाते. डिपस्टिकवरच दुधाळ दिसलं तर मात्र इंजिन सुरूही करू नका.

ऑइल फक्त वंगण नाही. काजळी पकडून ठेवणं आणि आम्ल मारणं हे त्यातल्या रसायनांचं काम, आणि ती हळूहळू संपत जातात. ती संपली की गाळ धरतो. हा गाळ आधी चेंबरातल्या (इंजिनाखालची ऑइलची टाकी) जाळीवर बसतो, मग व्हीव्हीटी (इंजिनाच्या झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा) व्हॉल्व्हच्या बारीक जाळीत, मग पिस्टन रिंगांच्या खाचांत. रिंगा चिकटल्या की गाडी ऑइल पिऊ लागते. टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे झडपा चालवणारी साखळी ताणून धरणारा भाग, ऑइलच्या दाबावर चालतो. सकाळी स्टार्ट करताना एक-दोन सेकंद खडखड ऐकू आली तर आधी ऑइलची पातळी बघा.

ग्रेड, म्हणजे ऑइल थंडीत आणि गरम झाल्यावर किती जाड राहतं त्याचा आकडा, मॅन्युअलमधलाच. बेळगावच्या थंडीला ५डब्ल्यू-३० पुष्कळ झालं. पण ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात ‘जाड बरं’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणं चूक. बेअरिंगच्या फटी बारीक असतात. पेट्रोलसाठी डब्यावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी बघा, हा दर्जा २०२० पासूनचा आहे.

इंजिन पाच-सात मिनिटं चालवून कोमट करा, चटका बसेल इतकं नको. गाडी सपाट जागी, स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. मग चेंबरचा नट काढा, वरचं झाकण सैल केलं की ऑइल झरझर उतरतं. दहा मिनिटं निथळू द्या. चेंबरच्या नटाचा वायसर दर वेळी नवा. जुना चपटा झालेला असतो, मग थेंब-थेंब गळतो आणि माणूस नट जास्त आवळतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे असेच जातात. टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा. फिल्टर काढल्यावर त्याची जुनी रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, बोट फिरवून खात्री करा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर दाब येताच सगळं ऑइल रस्त्यावर. नव्या रिंगेला ऑइल लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा, त्यापुढे पाऊण फेरा.

या इंजिनात फिल्टरसह ३ लिटरच्या आसपास बसतं. आधी २.८ ओता, मिनिटभर चालवा, पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघून थोडं-थोडं. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर क्रँक ऑइल घुसळून फेस करतो आणि तो फेस ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणारी नळी) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, जातो.

गाळ धरलेल्या जुन्या इंजिनात फ्लश (गाळ सोडवणारं रसायन) ओतायला आमचा विरोध आहे. सुटलेले तुकडे जाळी बंद करतात. त्यापेक्षा २,००० किमीच्या अंतराने दोनदा ऑइल आणि फिल्टर बदललेलं बरं.

डिझेलवाल्यांसाठी: ऑइल काही शे किमीत काळं झालं तर ते आपलं काम करतंय. बीएस-६ मध्ये वेगळीच भानगड. छोट्या फेऱ्यांत डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, अर्धवट राहतं आणि जादा फवारलेलं डिझेल चेंबरात उतरतं. डिपस्टिकवर पातळी *वाढलेली* दिसली तर किमी न मोजता ऑइल बदला, आणि नवं लो-अ‍ॅश (जळल्यावर कमी राख सोडणारं) प्रकारचंच घ्या.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे चिकोडी-रायबागच्या धुळीतून रोज जाणं असेल तर आधी एअर फिल्टरची कड नीट बसली आहे का बघा. तिथून शिरलेली माती सिलिंडर घासते, कितीही भारी ऑइल असलं तरी. काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या. सेंट्रिंगच्या प्लेटांना किंवा गटारात नको. पुढच्या खेपेला जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्यांत धातूची चमक आहे का, ते तपासायचं आहे.