ओल्या मुरुमावर उमटलेला स्विंग

गोल्फमध्ये ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब दांड्याच्या क्लबचा, बॉल सारखा उजवीकडे वळायला लागला की माणूस सगळ्यात आधी स्वतःच्या मनगटांवर संशय घेतो. परतूरकडून आलेले हे गृहस्थही त्यातलेच. वय पन्नाशीच्या आसपास, सरकी-ढेपेचा धंदा, तरुणपणी भरपूर क्रिकेट खेळलेले, खांदे अजून भक्कम. संभाजीनगरला कामानिमित्त येणं-जाणं असतं, तेव्हा सकाळी माझ्याकडे गोल्फ शिकायला, सरावाला येतात. त्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "सर, सात नंबरची आयर्न बरी लागायलीय. ड्रायव्हर हातात घेतला की बॉल उजवीकडंच जायलाय. मनगट कुठं चुकायलंय तेवढं बघा."

मी म्हणालो, "भाऊ, मनगट नंतर बघू. आधी पाय बघू द्या."

यामागचं कारण साधं आहे. वरून खाली येणारा डाउनस्विंग जेमतेम पाव सेकंदाचा असतो आणि फेस, म्हणजे क्लबचा बॉलवर आदळणारा भाग, बॉलला चिकटून असतो सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतका. तेवढ्यात मनगटाने विचार करून काही दुरुस्त करणं माणसाच्या हातातलं नाही. बॉलवर आदळताना फेस कसा पोचणार, हे त्याआधी शरीर कुठे तोललं गेलं यावर ठरतं. आयर्नमध्ये, म्हणजे धातूच्या पात्याच्या आखूड क्लबमध्ये, चूक झाकली जाते, कारण सात नंबरची आयर्न सुमारे 37 इंचांची असते आणि तिला लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, भरपूर असतो. ड्रायव्हर 45 इंचांच्या आसपास आणि लॉफ्ट साडेदहा अंश. दांडा लांब म्हणून पायातला थोडासा डळमळीतपणाही टोकाला मोठा होतो, आणि लॉफ्ट कमी म्हणून उघड्या, म्हणजे उजवीकडे तोंड केलेल्या, फेसचं वळण लगेच दिसतं. नुसता हिशेब केला तरी बॉल एक अंशाने उजवीकडे निघाला तर 200 यार्डांवर साडेतीन यार्ड बाजूला जातो, आणि वळण त्यात धरलेलंच नाही.

आमची सरावाची टी, म्हणजे फटका मारायची जागा, मुरुमाची आहे. एप्रिलमध्ये ती अशी तापते की बॉल ठेवायची लाकडी खुंटी, तिलाही टीच म्हणतात, आत जात नाही, आधी चार इंची खिळ्याने भोक पाडावं लागतं. पण याच मुरुमाचा एक फायदा आहे. पहाटे त्यावर पाणी शिंपडलं, दाताळ्याने सारखं केलं आणि अर्धा तास मुरू दिलं की बुटाचा ठसा स्वच्छ उमटतो. दाब मोजणाऱ्या महागड्या पाट्या मिळतात, पण नवशिक्या किंवा मध्यम खेळाडूसाठी मला या ठशांइतकं उपयोगी काही वाटत नाही. खेळाडूला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, मी सांगायची गरज उरत नाही.

त्यांना पहिल्यांदा बॉलशिवाय स्विंग करायला लावला आणि फिनिशला, म्हणजे स्विंग संपतो तिथे, आहे तिथेच थांबायला सांगितलं. थांबता आलंच नाही. उजवा पाय मागे टाकून त्यांनी तोल सावरला. मग दोघंही खाली वाकून ठसे बघत बसलो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा स्विंग बरा असेल तर शेवटी उजव्या बुटाचं फक्त टोक जमिनीला टेकलेलं असतं, तिथे मुरूम गोल ओरखडलेला दिसतो आणि टाचेचा ठसा सुरुवातीचा तेवढाच, उथळ. डाव्या बुटाची बाहेरची कड खोल गेलेली असते, कारण सगळा भार तिथे पोचलेला असतो. यांचं उलटं होतं. उजव्या टाचेची किनार खोल आणि कोरल्यासारखी. डाव्या बुटाची टाच एका जागी खड्डा पाडून बसलेली आणि पुढचं टोक बाहेरच्या बाजूला पंख्यासारखं फिरलेलं. बाहेरची कड जवळजवळ कोरी. म्हणजे शरीर डावीकडे गेलंच नाही, डाव्या टाचेवर गिरकी घेऊन मागे झुकलं.

मग बॉलच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करने जाड ठिपका काढला. ठिपका मागे राहील असा बॉल टीवर ठेवून मारला की फेसवर त्याची खूण उठते. ती ओल्या फडक्याने पुसता येते. सगळ्या खुणा फेसच्या हीलकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला आल्या. इथे दोन्ही पुरावे जुळतात. पाय मागे अडकला की कंबर वळायची थांबते, मग खांदे आणि हात ताकद लावायला बाहेरून धावतात, क्लब ठरल्या वाटेच्या बाहेरून येतो आणि हीलजवळ लागतो. वाट बाहेरून आत आणि फेस त्या वाटेच्या मानाने उघडा, की बॉल उजवीकडे वळतो. त्यात ड्रायव्हरच्या फुगीर फेसवर हीलचा फटका बॉलला उजवीकडचं आणखी वळण देतो. मनगटं यात आरोपी नव्हती.

मग प्रश्न उरला की डावा पाय भार घेत का नाही. सवय असेल तर कवायतीने जाते, अडचण शरीरात असेल तर कवायत उलटी पडते. म्हणून ज्याचा पाय असा वागतो त्याची एक तपासणी मी करतोच. बूट काढून भिंतीसमोर उभं राहायचं, अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. उजवा गुडघा सहज टेकला. डावा टेकेना. अंगठा भिंतीच्या अगदी जवळ, चार बोटांपेक्षाही कमी अंतरावर आणला तेव्हा कुठे टेकला. विचारल्यावर आठवलं, मोटारसायकलवरून पडून डावा घोटा मोडला होता, पुष्कळ वर्षांपूर्वी. "दुखत नाही म्हणून कधी बोललोच नाही," म्हणाले. घोटा दुखत नव्हता, पण वाकतही नव्हता. डाउनस्विंगच्या सुरुवातीला डावा गुडघा किंचित वाकलेला असताना भार घ्यायचा असतो, आणि फिनिशला पाऊल बाहेरच्या कडेवर कलतं. कडक घोट्याला दोन्ही जमत नाही, म्हणून शरीर आपोआप तिथे जायचं टाळत होतं. घोट्याचा इलाज माझा विषय नाही, त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे जायला सांगितलं. माझं काम, आहे त्या घोट्याला मानवेल अशी उभं राहण्याची पद्धत लावून देणं.

पहिला बदल डाव्या पावलाचा. ते सरळ, लक्ष्याच्या रेषेला काटकोनात ठेवत होते. ते लक्ष्याकडे साधारण 30 अंश उघडलं. टाच जागची हलवायची नाही, फक्त बोटं फिरवायची, नाहीतर बॉलची जागा बिघडते. त्यामुळे कमरेला वळायला जागा मिळते आणि घोट्यावरची पीळ कमी होते. दुसरा बदल रुंदीचा. क्रिकेटच्या सवयीने ते पाय फार फाकवून उभे राहत. रुंद पायांवर माणूस भक्कम वाटतो, पण एका पायावरून दुसऱ्यावर जाणं जड होतं. दोन्ही टाचांच्या आतल्या कडा खांद्यांच्या रुंदीइतक्या, ड्रायव्हरला एवढं पुरतं. भार बोटांवरही नको, टाचेवरही नको, बुटाच्या नाड्या जिथे बांधतो त्याच्या खाली.

तिसरी गोष्ट बॉलची जागा. स्लाइस, म्हणजे हे उजवीकडचं वळण, वाचवायला त्यांनी बॉल हळूहळू डाव्या अंगठ्यापर्यंत पुढे नेला होता. बॉल इतका पुढे असला की तिथे पोचायला खांदे उभे राहतानाच डावीकडे उघडतात आणि क्लब बाहेरून यायची सोय आधीच होऊन बसते. बॉल डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत आणला, टीची उंची अशी की अर्धा बॉल ड्रायव्हरच्या माथ्याच्या वर दिसावा. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली, म्हणजे पाठीचा कणा लक्ष्यापासून किंचित दूर कललेला. ड्रायव्हरने बॉल क्लब वर जात असताना मारायचा असतो, तो कल इथून येतो.

चौथा बदल त्यांना विचित्र वाटला. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, डावी टाच जमिनीपासून इंचभर उचलू द्यायची आणि डाउनस्विंगची सुरुवात ती टाच खाली ठेवूनच करायची. अमेरिकेचा नामवंत गोल्फपटू जॅक निक्लाउस आयुष्यभर असाच खेळला. ज्यांची कंबर किंवा घोटा कडक आहे त्यांच्यासाठी ही गोष्ट मी आवर्जून शिकवतो, कारण टाच खाली ठेवणं हीच डावीकडे भार टाकण्याची खूण होते, वेगळं काही आठवावं लागत नाही. चांगल्या खेळाडूंच्या मोजमापात उभं राहताना दाब जवळपास समान असतो, बॅकस्विंगमध्ये तीन चतुर्थांशाच्या आसपास उजव्या पायावर जातो, आणि हात पूर्ण मागे पोचायच्या आधीच डावीकडे परतायला लागतो. लक्षात ठेवायचं ते हे की दाब सरकतो, डोकं सरकत नाही. डोकं उजवीकडे वाहवलं की तो नुसता झोका झाला.

कवायती त्याच क्रमाने. आधी दोन्ही पाय जुळवून, सात नंबरच्या आयर्नने, अर्ध्या ताकदीत दहा-बारा बॉल. पाय जुळलेले असताना खांद्याने ओढाताण केली की लगेच पडायला होतं, त्यामुळे घाई आपोआप सुटते. नंतर पाऊल टाकण्याची कवायत: पाय जुळवून सुरुवात, क्लब मागे जात असतानाच डावं पाऊल लक्ष्याकडे त्याच्या जागी ठेवायचं आणि मग मारायचं. आधी पाऊल, मग हात. इथे मुरुमावरचे सुटे खडे आधी झाडून काढावेत, नाहीतर पाऊल टेकताच बूट घसरतो आणि शिकणारा पुन्हा डाव्या पायाला घाबरायला लागतो. घासलेल्या सोलचे बूट असतील तर ही कवायत करूच नये.

या कवायतीत बिघाड कुठे होतो तेही त्या सकाळी दिसलं. उत्साहात भाऊ सगळं शरीरच पुढे ढकलायला लागले, डोकं बॉलच्या पुढे गेलं आणि बॉल क्लबच्या माथ्याला लागून उंच उडाला. डाव्या पायावर जाणं आणि डाव्या पायाच्या पुढे जाणं यात फरक आहे. मी त्यांच्या डाव्या नितंबाच्या बाहेर चार बोटं सोडून एक काठी जमिनीत रोवली. डाउनस्विंगच्या सुरुवातीला नितंब काठीकडे सरकेल, पण काठीला न टेकता मागे वळेल. छाती बॉलच्या मागे राहील. काठी लावल्यावर हे चटकन जमलं.

मग ड्रायव्हर, सत्तर टक्के जोर, आणि एकच अट: बॉल जमिनीवर टेकेपर्यंत फिनिशला उभं राहायचं. तोल जाणाऱ्या फटक्याची दिशा बघायचीच नाही. काही फटके गेल्यावर आवाज बदलला. ठिपक्याच्या खुणा हीलकडून मधल्या भागात आल्या. बॉल उजवीकडे वळत होता, पण हलका, फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, आत मावेल इतका. त्यांनी स्वतःच दाताळं घेतलं, मुरूम सारखा केला, पुन्हा मारला आणि ठसे बघितले. उजव्या टोकाजवळ गोल ओरखडा आणि डाव्या बाहेरच्या कडेला खोल रेघ. "आता पाय खरं बोलायलेत," म्हणाले.

उन्हं चढल्यावर थकवा आला आणि स्लाइस परतला. ते अपेक्षितच होतं, थकलेला माणूस जुन्या पायावर जातो, म्हणून तिथेच थांबवलं. घरी रोज दात घासताना डाव्या पायावर तीस सेकंद उभं राहायचं, गुडघा किंचित वाकवून, मग जमेल तसं डोळे मिटून, हाताशी भिंत ठेवून. भिंतीवरची गुडघ्याची कसरत फिजिओथेरपिस्ट सांगेल तेवढीच. सरावाला आठवड्यातून तीन दिवस पुरे, दर वेळी साठेक बॉल, त्यातले ड्रायव्हरचे वीसपेक्षा जास्त नकोत. उरलेलं हलकं वळण ग्रिपमुळे, म्हणजे क्लब धरण्याच्या पद्धतीमुळे, आहे. वरून पाहिलं तर डाव्या हाताचं एकच पेर दिसतं, दोन दिसायला हवीत. पाय पक्के झाल्यावर, पुढच्या महिन्यात, ते घेणार आहोत.