कर्ल्यूची साद

एडिनबराजवळच्या थ्रिपम्युअर जलाशयाच्या वरच्या माळावर आज सकाळी कर्ल्यू या लांब, खाली वळलेल्या चोचीच्या पक्ष्याची लांबत, चढत जाणारी साद उमटली आणि आमचा सगळा गट दुर्बिणी उचलून जागच्या जागी थांबला, तेव्हा सोबतचे एक वयस्कर शेतकरी म्हणाले, “माझ्या लहानपणी या आवाजाला कोणी मान वर करून पाहत नसे.”

ते वाक्य एडिनबराला परतल्यावरही मनातून जात नाही.

जगात घरटी करणाऱ्या कर्ल्यूंपैकी सुमारे पाव हिस्सा ब्रिटनमध्ये आहे, तरीही 2015 पासून हा पक्षी इथल्या लाल यादीत, म्हणजे सर्वांत चिंताजनक स्थितीतल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. तो जमिनीवरच, गवतात अंडी घालतो. पाणथळ कुरणांतले पाणी चर खणून काढले गेले, मुरघासासाठी गवत लवकर कापले जाऊ लागले, माळांवर झाडांच्या सलग लागवडी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आडोशाने कोल्हे-कावळे घरट्यांपर्यंत पोहोचू लागले. मोठे पक्षी बरीच वर्षे जगतात, म्हणून आवाज ऐकू येत राहतो. पिल्ले मात्र पुरेशी वाढत नाहीत. मला सर्वांत अस्वस्थ करते ते हेच.

गवताची कापणी तरी काही आठवडे पुढे ढकलता येते, आणि काही शेतकरी अनुदानाच्या आधारे ती ढकलतातही. स्कॉटलंडमधल्या मित्रांनो, तुमच्या गावाजवळच्या कुरणांत असे कोणी करते का?