एएन-३२ (१/१८): मेडन झालं, पण थ्रॉटल दिला की नाक खाली!

एएन-३२ या मालवाहू विमानाच्या माझ्या १/१८ मापाच्या रेडिओ-कंट्रोल मॉडेलचं मेडन (पहिलं उड्डाण) झालं, विमान धड घरी आलं. सीजी (गुरुत्वमध्य) अचूक, रोल (बाजूला कलणं) लोण्यासारखा. पण थ्रॉटल (मोटरच्या पॉवरची दांडी) पुढे सारला की नाक खाली आणि मागे ओढला की वर. लँडिंगला येताना जरा पॉवर वाढवावी, तर पठ्ठ्या थेट जमिनीकडे तोंड करतो.

याचं मूळ खऱ्या विमानातच आहे. आपल्या हवाई दलाला उंचावरच्या, तापलेल्या धावपट्ट्यांवरून माल उचलणारं विमान हवं होतं. अँटोनोव्हने एएन-२६ चीच बॉडी घेतली, २,८२० अश्वशक्तीची एआय-२४ इंजिनं काढली आणि पाच हजारांवर अश्वशक्तीची एआय-२० बसवली. प्रॉप (पुढचा पंखा) ३.९ मीटरचा ४.७ झाला. एवढ्या पात्याला मोकळी जागा हवी, म्हणून इंजिन पंखाच्या वर चढलं. चाकं मात्र खालीच राहिली. त्यातून ती दुमजली नॅसेल (इंजिनाचं कवच) आली, जिने माझे सँडपेपर संपवले. १९७६ साली हे ध्यान पहिल्यांदा उडालं. १/१८ ला ४.७ मीटर म्हणजे २६ सेंमी, म्हणजे दहा इंची प्रॉप जवळजवळ स्केलमध्येच! हे सुख एएन-२६ वाल्यांना नाही.

आता दुखणं. माझी थ्रस्ट लाईन (मोटर ज्या रेषेत ओढते ती) सीजीच्या नऊ सेंमी वर आहे. सगळ्यांचा सल्ला एकच: अपथ्रस्ट दे, म्हणजे मोटरचं तोंड जरा वर कर. दिला. मोटर माउंटच्या खालच्या बोल्टांत वॉशर सरकवून चार अंश. फरक नावापुरता. मग कागदावर मांडलं: मोटर सीजीच्या वीस सेंमी पुढे, त्यामुळे चार अंशांत जेमतेम दीड सेंमीची भरपाई होते. पूर्ण नऊ हवे असतील तर चोवीस अंश! म्हणजे विमान नव्हे, दिवाळीतला बाण.

म्हणून रिमोटवर थ्रॉटल-एलिव्हेटर मिक्स लावला, म्हणजे पॉवर वाढली की एलिव्हेटर (शेपटीची हलती पट्टी) आपोआप वर जातो; सरळ प्रमाणात नाही, पाच बिंदूंची कर्व्ह. शिवाय थ्रॉटलला एक सेकंदाचा स्लो, म्हणजे पॉवर झटक्यात नाही, हळू वाढते. उंचावर अर्ध्यावरून फुल दिला, एलिव्हेटरला हातही लावला नाही, आणि नाक जागचं हललं नाही. मंडळी, पैसे वसूल!

(प्रॉप सध्या दोन पात्यांचेच. ऑनलाइन मागवलेल्या तीन पात्यांच्या पाकिटात एक धड बॅलन्स निघेल तर शपथ. हलक्या पात्याला सेलोटेप किती चिकटवायची? चार पात्यांचे फक्त स्टँडवर मिरवायला.)

पण कमी वेगात, फ्लॅप (पंखाच्या मागच्या पट्ट्या) खाली असताना गो-अराउंड केला (लँडिंग सोडून पॉवर देऊन परत वर गेलो) की मिक्स पुरत नाही, नाक अजून डुबकी मारतं. त्यासाठी फायरवॉल (मोटर बसते ती फळी) नव्याने कापून आणखी अपथ्रस्ट देणार होतो. हे लिहिता लिहिता संदर्भाचे फोटो चाळले आणि बेत बदलला. खऱ्या एएन-३२ च्या आडव्या शेपटीला पुढच्या कडेलगत अख्ख्या लांबीची फट आहे. ते तिहेरी फटींचे फ्लॅप उतरल्यावर शेपटीवर येणारा ताण त्यांनाही सांभाळायचा होताच. माझ्या शेपटीवर ती फट मार्करची रेघ आहे नुसती! एलिव्हेटर एवढा वर जातो, तेव्हा शेपूटच स्टॉल होत (हवेवरची पकड सोडत) असणार असा दाट संशय आहे.

तर फायरवॉल रद्द. नवी शेपूट, सहा मिमी डेप्रॉन (फोमचा पत्रा), रुंदी थोडी जास्त, आणि फट खरीखुरी. पुढची पट्टी वाकू नये म्हणून आत कार्बन घालावा की बांबूची काडी? कार्बनचे भाव बघता बांबूच.