आमची वाटचाल : टप्पे, स्प्रिंट आणि कानबान

आमची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी टप्प्याटप्प्याच्या कामावर उभी राहिली. आधी गरजा लिहून घ्यायच्या, मग आराखडा, कोड, चाचणी, बिलंही टप्प्यानुसार. पुढे ग्राहकांना मधूनमधून चालतं काहीतरी बघायला हवं होतं, तेव्हा स्क्रम आलं, म्हणजे स्प्रिंट नावाच्या ठरलेल्या मुदतीच्या छोट्या फेऱ्यांत काम करण्याची पद्धत. दोन आठवड्यांचे स्प्रिंट नव्या कामाला छान मानवले. प्रश्न उरला देखभालीचा. जुन्या ग्राहकाचं काम अडलं, तर त्याला पुढच्या स्प्रिंटपर्यंत थांबा कसं सांगणार?

तिथे कानबान उपयोगी पडलं : प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि ते कुठवर आलंय हे रकान्यांतून दाखवणारा बोर्ड. टोयोटात ताइची ओनो यांनी घडवलेली ही पद्धत डेव्हिड अँडरसन यांनी सॉफ्टवेअरच्या कामात रुजवली. तिचं मला सर्वांत भावलेलं तत्त्व म्हणजे, आज जसं काम करता तिथूनच सुरुवात करा. त्यामुळे करार टप्प्यांचेच राहिले, स्प्रिंटचं नियोजन आणि शेवटचा आढावाही राहिला. देखभालीला मात्र स्प्रिंट नाही. हात मोकळा झाला की रांगेतलं पुढचं कार्ड उचलायचं. तातडीच्या कामासाठी वेगळी ओळ आहे, पण तिच्यात एका वेळी एकच कार्ड. नाहीतर सगळंच तातडीचं होतं.

नुसता बोर्ड लावणं म्हणजे कानबान नव्हे. खरी ताकद हातातल्या कामांवरच्या मर्यादेत आहे. आमच्याकडे चाचणीच्या रकान्यात तीनच कार्डं मावतात. तो भरला की डेव्हलपर नवं काम घेत नाही, चाचणीला मदत करतो. सुरुवातीला हे सगळ्यांना जड जातं, कारण रिकामं बसल्यासारखं वाटतं. पण जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे लागू पडतो : हातातली कामं भागिले कामं संपण्याचा वेग, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. आठवड्याला ५ कामं संपत असतील आणि २० हातात असतील, तर प्रत्येकाला सरासरी ४ आठवडे. त्याच वेगाने १० हातात ठेवली, तर २. माणसं वाढवावी लागत नाहीत की रात्री जागाव्या लागत नाहीत, आणि छोट्या कंपनीला याहून मोठा आधार नाही.

तारखा देण्याची पद्धतही यातूनच बदलली. देखभालीचं काम आलं की आम्ही अंदाज बांधत बसत नाही. तशा प्रकारच्या मागच्या दहांपैकी नऊ कामं किती दिवसांत संपली ते बोर्डाच्या नोंदींत बघतो आणि तेवढे दिवस ग्राहकाला सांगतो.