ब्लाउजच्या आतलं नाव

काल चिपळूणला तिसऱ्या घंटेला दोन मिनिटं असताना लक्षात आलं, ब्लाउज उलटा घातलाय. घाईघाईने काढला तर मानेच्या पट्टीला आतून लाल दोऱ्याने तिचं नाव, माझ्याआधी ही भूमिका करायची तिचं. हा माझा एकविसावा प्रयोग. म्हणजे वीस प्रयोग ते नाव माझ्या मानेला घासत होतं आणि मला वाटत होतं, शिवण टोचतेय.

प्रयोग बरा झाला. दुसऱ्या अंकातला तो पॉज मी धरला, कुणी खोकलंसुद्धा नाही. नंतर आत भेटायला आलेल्या एक काकू माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "छान केलंत हो. पण त्या आधीच्या बाई का नाही आल्या?" मी म्हटलं, बरं नाहीये त्यांना. का म्हटलं कुणास ठाऊक. रोज रात्री साडेआठला अख्खा महाराष्ट्र तिला टीव्हीवर ठणठणीत बघतोय.

बसमध्ये झोप नाही. पेपरातल्या जाहिरातीत अजून तिचाच फोटो, एंट्रीला टाळी नाही, हे सगळं मी पहिल्या पाच प्रयोगांत गिळलं होतं. मग एका दोऱ्याने एवढं का व्हावं? नदीचं पाणी आणि टँकरचं पाणी एकच असतं, पण टँकरला कुणी हळदकुंकू वाहत नाही, असं काहीबाही मनात येत राहिलं. तिचा मिस्ड कॉल आहे परवाचा. बघू.

कशेडी घाटात रोझ वेंगर आठवली. मागे शिबिरात मूकपटांवर बोलायचं होतं तेव्हा तिच्याबद्दल वाचलं होतं. बाकी सगळं विसरले, ही चिकटून राहिली. क्लीव्हलँडची मुलगी, जन्म १८९२चा. १९०९ साली गावात घोड्यांच्या कसरतींचा खेळ आला, तो बघून तिचं डोकं फिरलं. '१०१ रँच' नावाच्या कंपनीच्या अशाच खेळात शिरली, भरधाव घोड्यावरून वाकून जमिनीवरचा रुमाल उचलायला शिकली. डोक्यात लाथ बसेल, असं जुने स्वार सांगत होते, तिने ऐकलं नाही. १९११ साली खेळ कॅलिफोर्नियात व्हेनिसला संपला आणि सिनेमावाल्या थॉमस इन्सने अख्खा ताफाच वेस्टर्नपटांसाठी भाड्याने घेतला. स्वारांना आठवड्याला ८ डॉलर.

मग १९१५. कॅलेम या सिनेमा कंपनीची 'हॅझर्ड्स ऑफ हेलन' ही मूकपटांची मालिका जोरात चालली होती. आगगाड्या, दरोडे, आणि दर आठवड्याला मरता मरता वाचणारी तारऑफिसातली हेलन. ते काम करणारी हेलन होम्स कंपनी सोडून गेली. रोझ आधी तिच्यासाठी डमी म्हणून उड्या मारायची, तिलाच तिच्या जागी उभी केली. आणि रोझ हे नाव कसं चालेल? हेलन केलं. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहितात तसं. आईचं माहेरचं नाव मला बारावीचा फॉर्म भरताना कळलं होतं. असो.

आडनाव तर त्याहून गमतीचं. गिब्सन हे हूट गिब्सनचं, पुढे वेस्टर्नचा मोठा नट झाला तो. १९१३ला पेंडलटनच्या घोडेस्वारीच्या स्पर्धांच्या वेळी गावात खोल्या मिळेनात, लग्न झालेल्यांना आधी मिळत. तर केलं लग्न. (दौऱ्यावर लॉजवाल्याचं तोंड बघितलेल्या कुणालाही हे पटेल.) पुढे मोडलं. मग हूटने दुसरी बायको केली तिचंही नाव हेलन. म्हणजे हेलन गिब्सन ही जागासुद्धा दुसरीने घेतली! रात्री दोन वाजता बसमध्ये एकटीच हसले, शेजारी घोरणाऱ्याने डोळे उघडून बघितलं.

मालिकेचे ११९ भाग झाले, निम्म्याहून जास्त रोझने केले. त्यातली एक उडी. स्टेशनच्या छपरावरून सुटणाऱ्या गाडीच्या टपावर. गाडी उभी ठेवून आधी सराव केला होता. प्रत्यक्षात गाडीने वेग घेतला, उडी बरोबर पडली, पण हिसक्याने ती टपावरून घरंगळत गेली. हवेच्या झरोक्याचं तोंड हाताला लागलं, ते पकडलं. आणि मग, दृश्य रंगावं म्हणून, मुद्दाम अंग कडेच्या बाहेर लोंबकळू दिलं.

कुणी सांगितलं नव्हतं. नाव हेलनचं, खरचटलं रोझला, पण लोंबकळू या असं त्या क्षणी कोण म्हणालं?

मी पुन्हा पुन्हा तिथेच येते. दुसऱ्या अंकातला पॉज आमच्या नाटकातल्या त्या आधीच्या बाईंच्या व्हिडिओत नाहीये. व्हिडिओ पंधरा वेळा बघून मी तिचा हात, तिचं वळणं, पोळपाट ठेवण्याची तिची पद्धतसुद्धा उचलली, पण ते वाक्य ती सरळ घेते. मी थांबते. अर्थात मला काही धावत्या गाडीवर कुणी टाकलेलं नाही. पोळ्या लाटायच्या असतात आणि नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, वेळेवर मिळते.

१९२०त रोझने स्वतःची कंपनी काढली, पैसे संपले. मग सर्कस, मग परत हॉलिवूड, आणि मेरी ड्रेसलर, एथेल बॅरीमोर या नट्यांसाठी डमी. जिथून निघाली तिथेच. शेवटचं काम 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'मध्ये, चित्रपट १९६२चा. सत्तरीला टेकलेली बाई, घोडागाडी हाकायची, ३५ डॉलर. हे वाचून तेव्हा वाईट वाटलं होतं. आज वाटलं, लगाम हातात आला असेल तेव्हा तिला बरं वाटलं असेल. की हे मी माझ्यासाठीच म्हणतेय?

सकाळी ड्रेपरीवाल्या काकांना म्हटलं, ते नाव उसवता का. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "ते नाव कुठेय ताई, ते माप आहे. कुणाच्या मापाचा ते कळायला."

मग काखेत अर्धा इंच सोडा म्हटलं. शनिवारी सांगली.