एलएनबी फिरवला तरी चित्र तेच

१९९४ साली चेंबूरच्या एका केबलवाल्याचा निरोप आला. दक्षिणेकडचं चॅनल लावलंय, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या. वस्तीत तमिळ कुटुंबं बरीच, आणि वर्गणी द्यायला लोक कां-कूं करू लागलेले.

गच्चीवर १२ फुटी जाळीची डिश, तिच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा डबा, म्हणजे एलएनबी. उपग्रह रशियाचा, गोरिझोंट. तो दिवसभरात उत्तर-दक्षिण डोलतो, म्हणून पहिला संशय तिकडेच. डिश थोडी वर-खाली करून पाहिली, फारसा फरक नाही. तेवढ्यात केबलवाल्या शेठचा पोरगा म्हणाला, "काका, सकाळपासून एलएनबी गोल फिरवतोय. चित्र सुधरत पण नाही, बिघडत पण नाही."

मी त्याला ते परत सांगायला लावलं. झी ज्यावरून यायचं त्या एशियासॅट उपग्रहाची लहर सरळ रेषेत डोलते, आडवी किंवा उभी; तिथे एलएनबी ९० अंश फिरवला की चित्र जायलाच हवं. इथे काहीच बदलत नाही, म्हणजे येणारी लहर स्वतःच गरगरत येतेय. वर्तुळाकार. साधा एलएनबी अशा लहरीची निम्मीच ताकद उचलतो, कुठल्याही कोनात धरा. ३ डेसिबलचा तोटा. ऐकायला किरकोळ, पण उपग्रहावरच्या अ‍ॅनालॉग चित्राला एक उंबरठा असतो, त्याच्या जरा खाली घसरलात की मुंग्याच मुंग्या.

इलाज स्वस्त होता. फीडहॉर्नच्या, म्हणजे लहर एलएनबीत नेणाऱ्या तोंडाच्या, नळीत टेफ्लॉनची पट्टी, एलएनबीच्या आतल्या पिनेशी ४५ अंशांत. लहरीचा पट्टीला समांतर असलेला भाग किंचित मागे पडतो आणि पिनेपर्यंत पोचते ती एकाच रेषेत डोलणारी लहर. पिशवीतली पट्टी पोराने बसवली, आणि होतं नव्हतं ते चित्रही गेलं! शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मला मात्र हायसं वाटलं. एका पट्टीने एवढी उलथापालथ होते, म्हणजे निदान बरोबर. ४५ अंश दोन बाजूंना होतात, एक उजव्या फिरकीचा, एक डाव्या. त्यात उपग्रहाची उजवी फिरकी डिशवरून परतताना डावी होते. माहितीपत्रकात 'उजवी' वाचून पट्टी बसवणारे इथेच फसतात. पट्टी ९० अंशांनी वळवायला सांगितली. खालून आरोळी आली, "आलं, आलं! रंगासकट!"

शेठ इतका खूश, की म्हणाला, "झीच्या डिशलापण एक घालून टाका." त्याला हात जोडले. तिथली लहर सरळ. पट्टी घातली तर तीच गरगरेल आणि निम्मा सिग्नल फुकट जाईल.