सिली

‘‘गणितात दोन मार्क कुठे गेले?’’
‘‘अगं, सिली मिस्टेक!’’

परीक्षेचे पेपर हातात आले की हा संवाद घरोघरी ठरलेला. अधिकचं उणे झालं, हातचा धरायचा राहिला, उत्तरापुढे सेंटिमीटर लिहिलं नाही. येत होतं हो सगळं! ‘धांदरटपणा’ म्हटलं की पोरावर ठपका येतो, ‘सिली’ म्हटलं की तो सुटतो. आणि ही पळवाट मुलांपेक्षा आई-बापच जास्त वापरतात, विशेषतः शेजारी निकाल सांगताना.

तसा हा शब्द मूळचा सोवळाच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता सुखी, भाग्यवान, देवाची कृपा असलेला. जर्मनमधलं त्याचं भावंड अजूनही त्याच घरात नांदतं. ‘सेलिग’ म्हणजे धन्य, आणि आपण कैलासवासी लावतो तसं ते गेलेल्या माणसालाही लावत आले आहेत. इंग्रजीत मात्र त्याची पायरी उतरत गेली. पुण्यवान तो निष्पाप, निष्पाप तो बिचारा, बिचारा तो दुबळा. मध्यंतरी कवी मेंढरांना ‘सिली’ म्हणत, तेव्हा त्यांना मेंढरं गरीब, निरुपद्रवी असंच म्हणायचं होतं. सोळाव्या शतकाच्या सुमारास शब्द थेट मूर्खपणापर्यंत येऊन पोचला.

इंग्रजांना हसायचं कारण नाही. भोळ्या शंकराला आपण बेल वाहतो आणि घरातल्या भोळ्या माणसाला भोळसट म्हणतो.

पण या शब्दाला खरा मान दिला तो क्रिकेटनं. सिली पॉइंट, सिली मिड-ऑफ, सिली मिड-ऑन. इथे सिली म्हणजे फलंदाजाच्या इतक्या जवळ, की शहाण्या माणसानं तिथे उभं राहू नये. हा विनोद नुसता नावापुरता नाही. १९९८ साली ढाक्यात आपला क्रिकेटपटू रमण लांबा हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाला खेटूनच असलेल्या अशाच एका जागी, उभा राहिला, चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी तो गेला.

हेल्मेट नावाची चीजच नव्हती त्या काळात आपला एकनाथ सोलकर तिथे उभा राहायचा. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. त्याच्या जागेचं कागदावरचं नाव फॉरवर्ड शॉर्ट लेग. त्यात ‘सिली’ नाही, हा नाव ठेवणाऱ्यांचा कद्रूपणा. २७ कसोटींत ५३ झेल, आणि तो काही यष्टिरक्षक नव्हता! १९७१ ला लंडनच्या ओव्हल मैदानावर आपला फिरकी गोलंदाज वेंकटराघवनच्या चेंडूवर त्यानं पुढे झेपावून इंग्लंडच्या अॅलन नॉटचा झेल घेतला. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ वर आटोपला आणि आपण तिथली पहिली मालिका जिंकलो. पहिल्या डावात ९० धावा ठोकलेल्या नॉटच्या नावापुढे या वेळी एकच धाव होती.